सवाल घासून देणारी मनुबाई

"उजवी पाकळी पडली, वयनी! माझ्या डोळ्यांदेखत पडली. देव व्हय म्हणाला."

"म्हणाला असेल. मी कुठं म्हंते न्हाय म्हणाला? पण कशाला व्हय?"

"सवालाला!"

"सवाल काय घातलात?"

"रावजीची केसर श्रीवर्धनला द्यावी, की चौलला द्यावी?"

"आणि देव म्हणाला, व्हय."

"व्हय!"

"म्हंजे कुठं?"

कोंडाजी गुरवाने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. देवळाच्या ओसरीवर केसरचा बाप रावजी उभा होता. सकाळपासून हातात धरलेला नारळ त्याने आता दुसऱ्या हातात घेतला आणि तोही कोंडाजीच्या तोंडाकडे बघू लागला, जणू आतून मुलीचे सासर बाहेर पडणार होते.

"उजवी म्हंजे श्रीवर्धन," कोंडाजी म्हणाला. "मी पयलं नाव श्रीवर्धनचं घेतलं. पयलं नाव उजवीचं, दुसरं डावीचं."

"हे देवाला आधी सांगितलं व्हतं?"

"देवाला कळतं!"

"देवाला न सांगता कळतं, तर मग विचारायला कशाला जाता? घरीच बसून ऱ्हावा की." मनुबाईने डोक्यावरची वळकटी खाली ठेवली. भाचीच्या बाळंतपणाला गेलेली ती दोन दिवसांनी आत्ता परतत होती, अजून घरीसुद्धा पोचली नव्हती. "भावोजी, समजा रात्री मी तुमाला विचारलं, पेज वाढू की भात, आणि तुमी म्हणालात, व्हय. तर मी ताटात काय वाढू?"

"मी कशाला असं म्हणीन? मी काय येडा हाय?"

"तुमी न्हाय ना? मग आपला बहिरी देव येडा हाय?"

रावजीला हसू आले. त्याने ते नारळामागे लपवले, पण नारळ लहान होता.

"देवानं बरोबर सांगितलंय," मनुबाई म्हणाली. "तुमी विचारलंत, ह्या दोन गावांतल्या येका गावी पोर द्यावी का? तो म्हणाला, द्यावी. येवढं तर रावजीला देवळात येण्याआधीच ठाऊक व्हतं. नारळ फुकट गेला."

"गेला न्हाय," रावजी म्हणाला, "हा काय, हातात हाय."

"मग घरी ने नि कालवणात घाल."

एवढे बोलून मनुबाईने वळकटी उचलली. कोंडाजी मागून ओरडला, "वयनी, गुरव मी हाय का तुमी?" आणि ती वळून म्हणाली, "हा सवाल बरा घातलात, पण ह्यातही दोन नावांमधला 'का' हाय." त्या क्षणी तिला ठाऊक नव्हते, की ह्या एका वाक्यापायी तिची पायरी जायची वेळ येणार आहे.

पायरी म्हणजे बहिरीच्या देवळाची तिसरी पायरी. श्रीवर्धनहून पोफळी-नारळीच्या वाड्यांमधून तासभर चालत आले की पोफळवाडी लागे, आणि त्या गावात बहिरीचा कौल घेतल्याशिवाय कोणी नवी विहीरसुद्धा खणत नसे. कौलाची रीत अशी: देवाच्या काळ्या दगडी अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने सवाल घालायचा, आणि सगळ्यांनी श्वास धरून बघत बसायचे. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. म्हणजे बहिरीला जगातले दोनच शब्द येत. बाकीचे सगळे शब्द माणसांनी आणायचे असत, आणि सगळा घोळ माणसांच्याच शब्दांत असे.

तो घोळ निस्तरायला मनुबाई तिसऱ्या पायरीवर बसे. वर जाणाऱ्याने आधी तिच्यापुढे थांबायचे, आपला सवाल सांगायचा, आणि तो घासून घ्यायचा. घासून हा तिचाच शब्द. "भांडं घासल्याबिगर तुमी देवापुढं ठेवता का? मग सवाल का तसाच खरकटा ठेवता?"

ती मूळची अलिबागची. तिचा मामा तिथल्या कोर्टात पट्टेवाला होता, आणि आठ-नऊ वर्षांची मनू रोज दुपारी त्याची भाकरी घेऊन जाई. मामा भाकरी खाई तोवर ती दाराशी बसून आतली गंमत बघे. काळ्या डगल्यातला एक माणूस दुसऱ्या घाबरलेल्या माणसाला विचारी, त्या दिवशी तुम्ही ताडी कमी प्यायला होता की जास्त? घाबरलेला माणूस म्हणे, कमी. आणि सगळे कोर्ट हसे. मनू मात्र हसत नसे. भाकरीचे फडके घडी घालता घालता ती मामाला विचारी, "मामा, तो प्यायला व्हता का, हे आधी का न्हाय विचारलं?" मामा म्हणे, "गप. चटणी कमी आणलीस." ह्यावर मनू म्हणे, "कमी म्हंजे कशापेक्षा?" असे करत करत मामाने तिचे लग्न लांबच्या गावी ठरवले, असे ती स्वतःच हसत सांगे.

समुद्रातून पडावात बसून ती पोफळवाडीला आली ती अनंता गुरवाची बायको होऊन. अनंता हा फार भला माणूस होता, पण त्याचा सवाल सुरू झाला की संपत नसे. "हे बहिरी महाराजा, ह्या तुझ्या लेकराची म्हैस, काळी म्हंजे तशी काळी न्हाय, शेपटीला जरा पांढरी, ती परवा, न्हाय तेरवा..." तोवर पाकळी पडून जाई, आणि देव म्हशीच्या रंगाला होय म्हणाला की शेपटीला, ते कोणालाच कळत नसे. नव्या नवरीने महिनाभर हे पाहिले. मग एका सकाळी तिने पूजेचा तांब्या पुढे करता करता खालच्या आवाजात सांगितले, "म्हैस जिवंत हाय का, येवढंच विचारा." अनंताने तेवढेच विचारले. डावी पडली. म्हशीचा मालक रडला, पण पहिल्यांदाच त्याला कशासाठी रडायचे ते नीट कळले.

मानमोडीच्या तापाच्या साथीत अनंता गेला. पूजा धाकट्या भावाकडे, कोंडाजीकडे आली. मनुबाईला मूल नव्हते. अशा बाईची जागा दिराच्या घरात मागच्या पडवीत, जात्याशेजारी, हे सगळ्या गावाला पाठ होते. पण तेरावे झाल्यावर चौथ्या दिवशी ती उठली, देवळात गेली, पायऱ्या झाडल्या आणि तिसरीवर बसली. कोणीतरी सवाल घेऊन आले. तिने घासून दिला. तेव्हापासून बारा-तेरा वर्षे ती तिथे होती, आणि घरी जात्याशेजारी कोंडाजीची बायको होती.

तिने घासलेल्या सवालांच्या गोष्टी गावात अजून सांगतात. त्यातली एक मोरूच्या भावाची.

हा भाऊ तणतणत आला. "काकी, देवाला विचार, मोरूनं माझ्या सुपाऱ्या चोरायच्या थांबवल्या का?"

"बरं. उजवी पडली तर?"

"तर थांबवल्या."

"म्हंजे आधी चोरत व्हता. डावी पडली तर?"

"तर अजून चोरतो!"

"म्हंजे देवानं काय बी सांगितलं तरी मोरू चोर. मग देवाला कशाला तरास देतोस? मलाच विचार, मी चोर म्हंते नि मोकळी व्हते."

 मनुबाईने त्याला आधी 'मोरूनं येक तरी सुपारी चोरली का' असे विचारायला लावले. डावी पडली. तरी तो म्हणे, आता दुसरा सवाल घालू, थांबवल्या का म्हणून. मनुबाईने कपाळाला हात लावला. "अरे, जे घर बांधलंच न्हाय, त्याचं दार लावलं का, म्हणून विचारतोस?" पुढे आठ दिवसांनी सुपाऱ्या पेंढ्याच्या वळईत सापडल्या. घुशींनी नेल्या होत्या. घुशींनी थांबवल्या का, हे मात्र कोणी विचारले नाही.

आणि ठमाबाईची. ठमाबाई म्हणजे मोठी हौशी. नातवाच्या बारशाला तिने पायरी चुकवून, मागच्या दाराने जाऊन कोंडाजीकडून परस्पर सवाल घालून घेतला. माझ्या घरी येणारा परत्येक पाव्हणा पोटभर जेवून जाईल का? उजवी पडली. ठमाबाईने मोठी तीन पातेली भात शिजवला. त्या दिवशी वारा असा फिरला की रेवदंड्याहून पाहुण्यांना आणणारा पडाव निघालाच नाही. एक माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी ठमाबाई देवळात येऊन देवाला शिव्या घालू लागली.

"ठमे, थांब," मनुबाई म्हणाली. "उपाशी कोण गेलं, त्याचं नाव घे."

"कोण आलंच न्हाय तर नाव कुनाचं घेऊ?"

"म्हंजे तुझ्या घरून उपाशी गेलेला येक बी पाव्हणा तुला दाखवता येत न्हाय?"

"न्हाय."

"मग देवाचा शब्द खोटा कुठं पडला?"

ठमाबाईने खूप वेळ विचार केला. मग ती म्हणाली, "मनुबाई, तुझं बरोबर हाय, पण मला तुला मारावंसं वाटतंय." आणि तिच्या घरच्यांनी तीन दिवस तो भात खाल्ला.

असे सगळे चालले होते. म्हणून तर कोंडाजीच्या मनात सल होता. लोक त्याच्यासमोर म्हणत, देव कोंडाजीचा, पण कौल मनुबाईचा. हा माणूस काही वाईट नव्हता. पण एखाद्या माणसाने वीस वर्षे ढोल वाजवावा आणि लोकांनी काठीचे कौतुक करावे, तसे त्याचे झाले होते. रावजीसमोर झालेला अपमान त्याच्या घशातून उतरेना. तो सरळ हरेश्वर पाटलाकडे गेला.

"पाटील, येक तर वयनी ऱ्हाईल, न्हायतर मी."

"तू गेलास तर पूजा कोण करील?"

"तेच म्हंतो मी."

"मग 'येक तर' कशाला म्हंतोस?" पाटील म्हणाला आणि दचकला. मनुबाईशेजारून येता-जाता त्यालाही सवय लागली होती. त्याने पागोटे नीट केले. "बरं, बहिरीलाच विचारू. सोमवारी सकाळी. मनुबाईनं पायरीवर बसावं का, ह्याचा कौल लावू. डावी पडली तर ती पायरीवरून उठली. तोवर रावजीच्या पोरीचं तसंच ऱ्हाऊ दे."

ही बातमी मनुबाईला सांगायला केसरच पळत आली. सतरा वर्षांची, लांब हातापायांची. तिने पडवीत येऊन जात्याचा खुंटा धरला आणि एका दमात सगळे सांगितले. जावेच्या बदली दळत बसलेली मनुबाई थांबली.

"देव न्हाय म्हणाला तर?" केसर म्हणाली.

"तर मी हिथं." मनुबाईने जात्याकडे बोट केले.  पीठ गोळा करून सुपात भरले, पुन्हा जात्याभोवती हात फिरवला, तिथे पीठ नव्हते तरी. "सकाळी ह्याच्याशी बोलायचं, दुपारी ह्याच्याशी बोलायचं. नि हा घरघर सोडून काय बोलत न्हाय."

"काकी, मग तू सोमवारी गप्प बस. येक शब्द बोलू नको. तू बोललीस की कोंडाजीमामा तापतो, नि तो तापला की पाटील त्याच्याकडनं होतो. आन घे माझी."

"तुझी कशाला घेऊ? आणि तुझा काय येवढा जीव अडकलाय?"

"तू पायरीवर न्हाय ऱ्हाईलीस तर माझा सवाल कोण घासणार? कोंडाजीमामा मला श्रीवर्धनला देऊन टाकील."

"श्रीवर्धन वाईट हाय?"

"श्रीवर्धन बरं हाय. तो मुलगा बघितला मी. गोष्ट सांगायच्या आधी हसतो. आणि सांगून झाली की परत हसतो."

"आणि चौलचा?"

"त्याला बघितलंच न्हाय."

"मग?"

"मग त्याच्यात काय खोड दिसली न्हाय."

"हां," मनुबाई म्हणाली, "ठमाबाईचे पाव्हणे बी असेच तृप्त झाले व्हते." पण तिने गप्प बसायची शपथ घेतली. गप्प बसेन, म्हणजे काय करेन, असे विचारायचा मोहसुद्धा तिने आवरला.

सोमवारी सकाळी सगळी पोफळवाडी देवळात जमली. मनुबाई तिसऱ्या पायरीवर बसली नाही. जिचा निकाल लागायचा तिने जागेवर कसे बसायचे, म्हणून ती ओसरीच्या खांबाशी, बायकांच्या पुढे बसली आणि तिने पदराचे टोक दातांत धरले. केसर तिच्या मागेच बसली होती. कोंडाजीने आत पूजा केली, देवाला गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. रोज हात धुवायचा तांब्या मनुबाई त्याच्यापुढे धरी. आज तो तांब्या कोनाड्यातच राहिला. कोंडाजीच्या ते लक्षातही आले नाही, कारण त्याचे सगळे लक्ष बाहेर होते, जिथे पाटील सवाल जुळवत उभा होता. दोन्ही बाजू भांडणातल्या असल्यामुळे सवाल पाटलाने करायचा, असे ठरले होते.

"ऐका," पाटील घसा साफ करून म्हणाला. "बहिरी महाराजा, मनुबाई सांगते ते सगळे सवाल बरोबर असतात का?"

मनुबाईच्या तोंडातून पदर सुटला. केसरने मागून तो पुन्हा तोंडात कोंबायचा प्रयत्न केला.

"सगळे?" मनुबाई म्हणाली. "पाटील, बारा वर्षांत येक चुकला असंल तरी देव न्हाय म्हणेल. येक सुपारी नासकी म्हणून पोतं समुद्रात टाकाल?"

"बरोबर हाय," पाटील म्हणाला. "मग असं विचारू, मनुबाईचे काही सवाल बरोबर असतात का?"

"काही तर माझे बी असतात!" कोंडाजी आतून ओरडला.

"कवा?" कोणीतरी विचारले आणि लोक हसले.

"मग बहुतेक?" पाटील म्हणाला.

"बहुतेक म्हंजे किती?" आता रावजीने विचारले, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितले तसा तो खजील झाला. "न्हाय, मी आपला... देवाला कळायला नको?"

"बघा! बघा!" कोंडाजी हात नाचवत गाभाऱ्याच्या दारात आला. "सवाल तीच घासतेय! तिच्यावरचाच सवाल तीच घासतेय! असा कौल चालतो का?"

पाटील गोंधळला. रावजी मात्र खांबाला टेकून बोटांवर काहीतरी मोजत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एक विचार सुचला होता आणि तो त्याला सोडवेना. "थांबा हो," तो म्हणाला. "समजा हा सवाल काकीनं घासलाय. आणि देव म्हणाला, काकीनं घासलेले सवाल खोटे. तर मग हा बी काकीनंच घासलेला, म्हंजे हा बी खोटा. खोट्या सवालाचं उत्तर कोण धरतं? म्हंजे देव न्हाय म्हणाला ते धरायचं न्हाय. म्हंजे ते सवाल खोटे न्हाईत. म्हंजे हा बी खोटा न्हाय. म्हंजे देव न्हाय म्हणाला ते धरायचं. म्हंजे..." त्याने खांब दोन्ही हातांनी धरला. "मला जरा पाणी द्या."

त्याला पाणी दिले. बायकांत कोणीतरी पुटपुटले की ह्याला दृष्ट लागली. मनुबाई त्याच्याकडे अशा कौतुकाने बघत होती, की बारा वर्षांत तिने कोणाकडे तसे बघितले नव्हते. 

"बास झालं!" पाटील ओरडला. "साधा सवाल. मनुबाईनं पायरीवर बसावं का? सगळे न्हाय, काही न्हाय, बहुतेक न्हाय. बसावं का? मनुबाई, ह्यात काय खोट हाय?"

सगळे गाव मनुबाईकडे बघू लागले. बसणे म्हणजे नुसते बसणे की घासायला बसणे, किती दिवस, कोणत्या पायरीवर, हे सगळे तिच्या जिभेवर आले होते हे केसरला तिच्या मानेवरूनच दिसत होते. मनुबाईने मान हलवली. "न्हाय. बरा हाय. घाला."

कोंडाजीने दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. तो खणखणीत आवाजात सवाल बोलला, आणि गाव श्वास धरून बसले.

पाकळ्या पडेनात.

एरवी दोन पळी पाणी सुकायच्या आत निकाल लागे. आज उन्हाचा पट्टा दारातून गाभाऱ्यात आला, देवाच्या पायांवर चढला, तरी पाकळ्या जागच्या जागी. लोकांनी धरलेला श्वास सोडला, मग पुन्हा धरला, मग दमून सोडूनच दिला. एक बाई कुजबुजली की देव विचार करतोय. कोंडाजी बोटे एकमेकांवर घासत उभा होता, आणि ती एकमेकांना चिकटत होती. ते मनुबाईला दिसले. नैवेद्याचा गूळ. तिने कोनाड्यातल्या तांब्याकडे बघितले आणि मग जमिनीकडे.

तेवढ्यात उजवी पाकळी हलली.

"हलली!" केसर ओरडली.

हलली खरी. पण खाली नाही. ती हळूहळू, डुलत डुलत, देवाच्या खांद्याकडे वर निघाली. गाव उठून उभे राहिले. पाटील पुढे वाकला आणि त्याला पाकळीखाली लाल मुंग्यांची अख्खी रांग दिसली. सहा-सातजणी पुढून ओढत होत्या, बाकीच्या मागून ढकलत होत्या, आणि दोन उगाचच वर बसल्या होत्या. डावी पाकळी दुसऱ्या मुंग्यांनी आडवी घेतली होती आणि ती देवाच्या कानामागे निघाली होती.

"उजवी वर गेली," पाटील म्हणाला. "वर म्हंजे काय?"

"वर म्हंजे व्हयपेक्षा मोठा व्हय," रावजी म्हणाला. पाणी पिऊन त्याला हुशारी आली होती.

"कसला व्हय! पडली तर व्हय," कोंडाजी म्हणाला. "पडलीच न्हाय."

"मग न्हाय का?"

"डावी बी पडली न्हाय!"

"मग व्हय बी न्हाय नि न्हाय बी न्हाय?"

"म्हंजे बसू बी नये आणि उठू बी नये?" मागून कोणीतरी म्हणाले. "मग काकीनं करायचं काय? वाकायचं?"

"वर म्हंजे तिनं वरच्या पायरीवर बसावं!" केसर म्हणाली.

"गप गं, लहान तोंडानं!"

"वर म्हंजे देवानं सवाल परत घेतला!"

"परत घेतला तर दुसरा घाला!"

"पण दुसरा कसला घालायचा? ह्याच सवालाचा अर्थ विचारायचा का? का मुंग्यांचा विचारायचा? का परत पयल्यापासून?"

सगळे एकदम बोलत होते. पाकळी देवाच्या कपाळापर्यंत गेली आणि तिथे थांबली, बहुधा मुंग्याही दमल्या असाव्यात. पाटलाने पागोटे काढून हातात घेतले. देवळात हळूहळू शांतता झाली, आणि कोणी ठरवले नव्हते तरी एकेक तोंड मनुबाईच्या खांबाकडे वळले.

कोंडाजीचे तोंड सगळ्यात शेवटी वळले. त्याचे कान लाल झाले होते. तो गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून बाहेर आला, ओसरीवर उकिडवा बसला, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. पण गाव इतके गप्प होते की ते सगळ्यांनाच ऐकू गेले.

"वयनी," तो म्हणाला, "आता काय विचारू?"

मनुबाई उठली. लुगड्याचा ओचा झटकला. देवाच्या कपाळावरच्या पाकळीकडे तिने एकदा नीट बघून घेतले आणि पदर तोंडावर घेतला. आत हसू होते की आणखी काही, ते दिसले नाही. लोकांनी वाट दिली. ती पायऱ्या उतरली, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, कुठेही न थांबता.

"काकी!" रावजी मागून ओरडला. "अगो काकी, घालायचा तरी कसा सवाल, तेवढं तरी सांगून जा!"

ती न वळता पोफळींच्या वाटेने चालत गेली. केसरपुढे घेतलेली गप्प बसायची शपथ ती आता कुठे पाळत होती.